गॅमा नाइफनंतरची दोन वर्षं

आण्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितोय. 'आण्णा' हे खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे आणखी दोन-चार तपशीलही बदलले आहेत. मी नाशिकमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन हा माझा विषय नाही. पण मेंदूजवळच्या साध्या गाठीसाठी मुंबईहून गॅमा नाइफ हा रेडिएशनचा उपचार घेऊन आलेला माणूस रात्री साडेअकराला फोन करतो तो मलाच. उपचार घ्यायचा की नाही यावर आम्ही दोन महिने काथ्याकूट केला. खरा अवघड निर्णय मात्र उपचारानंतर सहा महिन्यांनी दारात येऊन उभा राहिला, आणि तेव्हा आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती.

पार्श्वभूमी

आण्णा त्या वेळी ५४ वर्षांचे. घर नाशिकला, धंदा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत, कांद्याचे व्यापारी. आठ वर्षांपासून मधुमेह, तो गोळ्यांवर ठीकठाक आटोक्यात. तंबाखू नाही, दारू नाही, चहा मात्र दिवसाला दहा कप.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयात तो आडवा आला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत सरकत जातो. बोली सुरू होते आणि बघता बघता संपते. डावीकडून कुणी वीस रुपये वाढवले की पन्नास, आणि वाढवले ते कुणी, हे मान न वळवता कळावं लागतं. आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतल्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो. एक कान मंद झाला की आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा हरवते.

आण्णांची दिशा हरवू लागली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला गेला, एवढंच वहिनींच्या लक्षात आलं.

निदानाला लागलेला वेळ

जून २०२१ मध्ये ते माझ्याकडे आले ते साखरेच्या तपासणीसाठी. जाता जाता म्हणाले, "डाव्या कानात रातकिडा बसलाय." मी कानात पाहिलं, मळ होता, थेंब लिहून दिले. दोन आठवड्यांनी मळ गेला, रातकिडा राहिला. मी म्हटलं वयोमानाने होतं. हे वाक्य मला आजही बोचतं. वयाने येणारा बहिरेपणा साधारणपणे दोन्ही कानांत येतो. एकाच कानात आवाज येत असेल आणि त्याच कानाने कमी ऐकू येत असेल, तर ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करायचा आणि त्यात दोन कानांत ठळक फरक निघाला तर एमआरआयपर्यंत जायचं, हे मला माहीत होतं. समोरचा माणूस तक्रार हसत हसत सांगत होता, म्हणून मीही ती हसत हसत घेतली.

ऑक्टोबरमध्ये जिन्यावर त्यांचा तोल गेला, तेव्हा कुठे ऑडिओग्राम झाला. उजवा कान जवळपास नॉर्मल. डाव्या कानाचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, ४२ डेसिबल, आणि शब्द ओळखण्याची क्षमता ६४ टक्के. म्हणजे आवाज पोचतोय, पण त्यातले शब्द सांडतायत. नोव्हेंबरमध्ये काँट्रास्ट (गाठ उजळून दाखवणारं इंजेक्शन) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये गाठ दिसली: डाव्या बाजूला व्हेस्टिब्युलर श्वानोमा, १४ मिलिमीटर. जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा.

ही गाठ कर्करोगाची नसते. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणात ती उगवते, आणि ज्या अरुंद हाडी बोगद्यातून ही नस जाते त्याच बोगद्यातून ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नसही जाते. गाठ साधी असली तरी तिचे शेजारी महत्त्वाचे. अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षं वाढतच नाहीत. ज्या वाढतात त्या सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थांबून पाहण्याचा होता आणि आधी तोच घेतला. सहा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, पुन्हा एमआरआय: १७ मिलिमीटर. सहा महिन्यांत तीन मिलिमीटर म्हणजे गाठ झोपलेली नव्हती.

दुसरा पर्याय शस्त्रक्रिया. कानामागचं हाड कोरून गाठ काढायची. फायदा असा की गाठ बाहेर येते आणि प्रयोगशाळेत तपासता येते. पण काही आठवडे अंथरूण, चेहऱ्याच्या नसेला धोका, आणि त्या कानाचं ऐकू येणं बऱ्याचदा जातं. मोठ्या, मेंदूच्या देठाला दाबणाऱ्या गाठीसाठी आजही शस्त्रक्रियाच लागते. आण्णांची गाठ तेवढी नव्हती.

तिसरा पर्याय स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, त्यातली गॅमा नाइफ पद्धत. नावात चाकू असला तरी त्यात काही कापत नाहीत. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरी ही कल्पना मांडली, आणि १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिलं गॅमा नाइफ सुरू झालं. भारतात ही यंत्रं १९९७ पासून आहेत. कोबाल्ट-६० च्या छोट्या छोट्या स्रोतांतून किरण निघतात, जुन्या यंत्रांत २०१, नव्या पिढीच्या यंत्रांत १९२. एकेक किरण इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला त्याचं फारसं काही वाटत नाही, आणि सगळे ज्या बिंदूवर मिळतात तिथे मात्र डोस भरपूर. मी हे समजावत असताना आण्णांनीच ते सोपं केलं: "म्हणजे १९२ हमाल, प्रत्येकाच्या हातात एकच कांदा, पण टाकायचा सगळ्यांनी एकाच पाटीत."

घरात 'शेक', म्हणजे रेडिएशन, या शब्दाची धास्ती होती. वहिनींच्या भावाला घशाच्या कर्करोगासाठी सहा-सात आठवडे शेक दिले होते. गळ्याची कातडी सोलली गेली, तोंडाची चव गेली. हे प्रकार वेगळे आहेत हे पटवायला मला दोन बैठका लागल्या. तिथे मोठा भाग, रोज थोडा थोडा डोस. इथे एकदाच, आणि नेम मिलिमीटरच्या आतला. केस गळणं, तोंड येणं या गोष्टी इतक्या खोल, लहान गाठीच्या उपचारात सहसा होत नाहीत.

मुंबईतल्या टीमने दुष्परिणाम लपवले नाहीत, हे नोंदवायला हवं. गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. चेहरा वाकडा होण्याचा धोका फार कमी. गालाला बधिरपणा येऊ शकतो, तोल काही महिने बिघडू शकतो, क्वचित मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडतो. गाठ पुढे कर्करोगाची होणं अगदी विरळा, पण शून्य नाही. आणि रेडिएशन अपयशी ठरून नंतर शस्त्रक्रिया करावी लागली तर ती अधिक अवघड जाते, कारण गाठ नसांना चिकटून बसलेली असते.

ऐकू येण्याबद्दल ते म्हणाले, "निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचं पाच वर्षांनी उपयोगी ऐकणं टिकतं." आण्णांच्या मुलीने वहीत लिहून घेतलं: 'ऐकू येणं टिकतं.' पुढची दहा वर्षांची गोष्ट, म्हणजे हा आकडा वर्षागणिक खालीच येतो, ही कुणी विचारली नाही आणि मीही मध्ये तोंड घातलं नाही. गाठीवर काहीच केलं नाही तरी ऐकणं हळूहळू जातंच, हेही त्या वहीत नव्हतं. २०२३ मध्ये नॉर्वेतल्या १०० रुग्णांचा एक अभ्यास आला. लहान गाठीला लगेच रेडिएशन दिलं तर चार वर्षांनी ती आकाराने कमी झालेली दिसली, पण ऐकण्याच्या बाबतीत थांबलेल्या गटापेक्षा फरक पडला नाही. आमच्या निर्णयाच्या वेळी तो हाताशी नव्हता. असता तरी आण्णांची गाठ वाढत होती, म्हणून निर्णय बहुधा तोच झाला असता. अपेक्षा मात्र बदलली असती.

विम्याचंही सांगून टाकतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नव्हती, पण तिच्यावर मर्यादा घालता येत होती. आण्णांच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्म्यावर होती. हे दाखल होण्याच्या आदल्या संध्याकाळी कळलं.

उपचाराचा दिवस

जुलै २०२२. धो धो पावसात कसारा घाट उतरून ते मुंबईला गेले. सकाळी कपाळावर आणि डोक्याच्या मागे भूल देऊन चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवली. आण्णांच्या मते सगळ्यात वाईट भाग तोच, आणि तोही इंजेक्शनापुरता. चौकटीसकट एमआरआय, मग दोन तास डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ संगणकावर आखणी करत बसले. गाठीच्या कडेला १२ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक), कानातल्या शंखाला, म्हणजे ऐकण्याच्या अवयवाला, शक्यतो ४ ग्रेच्या आत. प्रत्यक्ष किरण पाऊण तास. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून स्रोत जुने असले की हाच डोस द्यायला जास्त वेळ लागतो. आतमध्ये त्यांनी भीमसेन जोशींचे अभंग लावायला सांगितले होते. उजव्या कानाने ऐकले.

दुसऱ्या दिवशी नाशिकला परत. तिसऱ्या सकाळी वहिनींचा घाबरा फोन: दोन्ही डोळे सुजून बंद. भुलेचं औषध आणि कपाळावरची सूज खाली उतरते, त्याने असं होतं, आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. ओसरलं. आठवड्याने आण्णा बाजार समितीत हजर. सगळ्यांनी मानलं, झालं एकदाचं.

सहावा महिना

किरण गाठ जाळत नाहीत. पेशींच्या डीएनएला इजा होते, त्या पुढे विभागू शकत नाहीत, गाठीच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात. याला महिने लागतात, वर्षंही. आणि मरताना गाठ अनेकदा आधी सुजते.

डिसेंबर २०२२ मध्ये आण्णांचा तोल बिघडू लागला. अंधारात चालताना भिंत धरावी लागे. डाव्या गालाला मुंग्या. दाढी करताना कापलेलं आरशात रक्त दिसल्यावर कळायचं. जानेवारीत ठरलेला एमआरआय नाशिकमध्येच करायचा असं आम्ही ठरवलं. चिठ्ठी मी लिहिली: 'ब्रेन एमआरआय विथ काँट्रास्ट, डावा व्हेस्टिब्युलर श्वानोमा.' सहा महिन्यांपूर्वी रेडिओसर्जरी झाली आहे, हे शब्द लिहिले नाहीत.

रिपोर्ट आला: गाठ २१ मिलिमीटर, पूर्वीपेक्षा लक्षणीय वाढ, शस्त्रक्रियेचा विचार करावा. रेडिओलॉजिस्टला दोष देता येत नाही. त्यांच्यासमोर १४ आणि २१ हे दोनच आकडे होते. मधला उपचार त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

ओळखीतून एका सर्जनांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, पंधरा दिवसांत काढून टाकू, आणखी वाढली तर चेहरा जाईल. घरात रडारड. वहिनी मला म्हणाल्या, "शेक घेऊन उलट वाढली, डॉक्टर." मी दोन दिवस स्वतःही डळमळलो, हे कबूल करतो. रात्री फाईल उघडून बसायचो आणि तोच रिपोर्ट पुन्हा वाचायचो.

कोंडी फोडली ती मुलीच्या प्रश्नाने. ती औषधविक्रेती आहे, भावनेत लवकर वाहत नाही. तिने विचारलं, "काढल्यावर ही गाठ मेलेलीच निघाली तर?"

आम्ही रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मूळ चित्रांची सीडी मुंबईला पाठवली. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, मोजमाप. नाशिकचे काप जाडे होते आणि रेघ वेगळ्या दिशेने ओढली होती. आखणीच्या वेळच्या बारीक कापांशी त्याच दिशेने जुळवल्यावर १७ चे साडेएकोणीस झाले होते, २१ नव्हे. दुसरी, गाठीचा मध्यभाग. पूर्वी काँट्रास्टने उजळणारा मधला भाग आता काळा पडला होता, म्हणजे तिथला रक्तपुरवठा आटला होता. तिसरी, मेंदूचा देठ आणि पाण्याच्या पोकळ्या. देठाला किंचित स्पर्श, पोकळ्या नॉर्मल. त्यांचं मत: उपचारानंतरची तात्पुरती सूज. सहा ते अठरा महिन्यांच्या काळात ती दिसते, आणि एवढ्यावरून उपचार फसला असं ठरवायचं नसतं.

थांबायचं ठरलं, पण आंधळेपणाने नाही. एक कागद लिहून देवघराच्या दाराला चिकटवला: सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, चालणं झपाट्याने बिघडणं, सतत झोप येणं, अंधुक दिसणं, तोंड वाकडं होणं. यातलं एकही दिसलं तर वाट न बघता तडक न्यूरोसर्जनकडे. हा कागद खरं तर जुलैतच लिहायला हवा होता.

मुंबईहून सूज उतरवायला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा छोटा कोर्स सांगितला. तोल दोन दिवसांत सुधारला. साखर मात्र पाचव्या दिवशी ३८६. मी 'आठवड्याने तपासू' म्हटलं होतं. मधुमेह असलेल्या माणसाला स्टेरॉइड सुरू करताना पहिल्या दिवसापासून घरच्या घरी साखर मोजायची, हे एमबीबीएसच्या पोरालाही ठाऊक असतं. तीन आठवडे इन्सुलिन द्यावं लागलं. आण्णा रागावले नाहीत, वहिनी रागावल्या, आणि ते योग्यच होतं.

परिणाम

जुलै २०२३ च्या एमआरआयमध्ये गाठ १८ मिलिमीटर. गालाच्या मुंग्या बऱ्याचशा गेल्या, ओठाच्या कोपऱ्यापाशी थोडा बधिरपणा उरला. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, जिल्ह्यात लिलाव बंद पडले, डिसेंबरमध्ये तर निर्यातबंदीच. या गदारोळात जानेवारी २०२४ ची तपासणी बुडाली. आण्णा म्हणाले, "गाठ थांबते, माल थांबत नाही." मी पाठपुरावा केला नाही. नशीब बरं की काही बिघडलं नाही. जुलै २०२४ मध्ये गाठ १५ मिलिमीटर, मध्यभाग अजून काळा.

चेहरा पूर्ण शाबूत. गाठीमुळे एक दिवसही धंदा बंद पडला नाही, उपचाराचा आठवडा सोडून. कवटी उघडावी लागली नाही. हे फायदे छोटे नाहीत.

डावा कान मात्र गेला. २०२३ च्या सुरुवातीला ५८ डेसिबल आणि ४० टक्के शब्द, २०२४ मध्ये ७० डेसिबल आणि जेमतेम २० टक्के. रातकिडा आहेच. मुलीने ती जुनी वही काढून मला 'ऐकू येणं टिकतं' हे वाक्य दाखवलं. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे आकडे होते, पण ते दोन वर्षं उशिरा आलेले.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्येच ऑडिओग्राम केला असता तर गाठ चार महिने आधी सापडली असती. त्याने कान वाचला असता असं मी म्हणणार नाही. मोजमापाची सुरुवात लवकर झाली असती इतकंच.

सगळ्यात जास्त खटकते ती चिठ्ठी. रेडिओसर्जरीची तारीख, डोस आणि आधीच्या चित्रांची सीडी, एवढं सोबत गेलं असतं तर ती पंधरा दिवसांची धावपळ झालीच नसती. आता असा रुग्ण आला की मी पाकिटावरच लाल पेनाने तारीख लिहितो. जमलं तर स्कॅनही दर वेळी त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने.

तोलाचे व्यायाम आम्ही डिसेंबरनंतर सुरू केले. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं, उपचाराच्या आधीच सुरू केले असते तर हिवाळा सोपा गेला असता. मला ते पटतं.

शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या सर्जनांवर घरच्यांचा राग आहे, माझा नाही. हातात आला तो रिपोर्ट खरा मानला तर त्यांचा सल्ला बरोबर होता.

मध्यंतरी डाव्या कानाचा आवाज उजवीकडे पोचवणारं श्रवणयंत्र आण्णांना चाचणीसाठी दिलं होतं. घरात त्यांना ते आवडलं. लिलावात सगळा कोलाहल एकाच कानात कोंबला जातो म्हणून त्यांनी ते खिशात ठेवलं. मागच्या महिन्यात पिंपळगावला गेलो तेव्हा पाहिलं. घोळका पुढे सरकला की ते डावा खांदा ट्रॉलीच्या फाळक्याला टेकवून उभे राहतात, म्हणजे माणसं सगळी उजवीकडेच येतात. पुढचा एमआरआय जुलैत आहे. तारीख या वेळी वहिनींच्या फोनमध्ये आहे, माझ्याही.